कुंचला आपला, भिंत भाड्याची

परवा बऱ्याच महिन्यांनी जलरंगांची पेटी काढली. कागद भिजवून फळीवर ताणला, आकाशाचा पहिला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, दिला आणि उजव्या कोपऱ्यात पाणी जरा जास्त झालं. निळा ओघळत डोंगराच्या जागेत शिरला. त्याच क्षणी माझ्या डाव्या हाताची दोन बोटं आपसूक पुढे झाली आणि ओल्या कागदावर टेकून परत आली. टॅबलेटवर चित्रं काढणाऱ्यांना ही खूण ठाऊक असते. पडद्यावर दोन बोटं टेकवली की शेवटचा फटकारा नाहीसा होतो. कागदावरचं काही नाहीसं झालं नाही. उलट आकाशात दोन ठसे उमटले.

आधी हसू आलं, मग जरा चपापलेच. गेली दहाएक वर्षं पोटापाण्याची जवळजवळ सगळी कामं मी पडद्यावर करते: मुखपृष्ठं, मासिकांची रेखाटनं, मुलांच्या पुस्तकांची चित्रं. एवढ्या काळात डोक्याला जे कळलं नव्हतं ते हाताने केव्हाच मान्य करून टाकलं होतं, की चूक ही काही राहणारी गोष्ट नव्हे.

ही सवय एका दिवसात लागलेली नाही. फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आलं तेव्हा त्यात फक्त एक पाऊल मागे जाता यायचं. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत लेयर आले, म्हणजे एकावर एक काचा ठेवून प्रत्येकीवर वेगळं रंगवावं तसं. १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत हिस्टरी आली आणि पावलामागून पाऊल मागे जाण्याची सोय झाली. कौतुक सगळे लेयरचं करतात. माझ्या मते हाताचा स्वभाव बदलला तो हिस्टरीने.

यावर ‘मग काय, सगळं कॉम्प्युटरच करतो’ म्हणणारे भेटतात. त्यांच्याशी वाद घालायचा मला कंटाळा आहे, पण एकदा सांगून टाकते. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या चित्रकाराने तैलरंगांसाठी पिळता येणाऱ्या धातूच्या नळीचं पेटंट घेतलं. त्याआधी घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. पिशवी टोचली की रंग सुकायला सुरुवात. नळी आली आणि रंगपेटी काखोटीला मारून चित्रकार उघड्यावर जाऊन बसले. इम्प्रेशनिस्टांनी, म्हणजे क्षणोक्षणी बदलणारा उजेड रंगवणाऱ्या चित्रकारांनी, उन्हाचा जो पाठलाग केला तो नळीशिवाय त्यांना फार जड गेला असता. म्हणून ती चित्रं नळीने काढली, असं कुणी म्हणत नाही.

पडद्यावर कष्ट कमी होतात हेही अर्धंच खरं. जलरंगात विचार आधी करावा लागतो, कारण एकदा दिलेला वॉश मागे घेता येत नाही. पडद्यावर कृती आधी होते आणि विचार मागाहून, आणि तो संपता संपत नाही. मागच्या वर्षी एका मुखपृष्ठाची पार्श्वभूमी मी सतरा निळ्यांत करून पाहिली. रात्रीचे दोन वाजले. शेवटी पाठवला तो चौथा निळा. माझ्या फाइलींच्या नावांत ‘अंतिम’, ‘अंतिम २’, ‘खरंच अंतिम’, ‘हेच पाठवणे’ अशी वंशावळ असते. चित्र कुठे थांबवायचं हा प्रश्न पूर्वी कागदच सोडवायचा. तिसऱ्या-चौथ्या वॉशनंतर तो मळायला लागायचा आणि आपण मुकाट उठायचो. आता थांबवायला एक संपादकाची मुदत तेवढी उरली आहे.

ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी सत्तरी ओलांडल्यावर, २००९ च्या सुमारास, आयफोनवर बोटाने चित्रं काढायला सुरुवात केली; पुढच्या वर्षी आयपॅड आला तसा तोही हाती घेतला. सकाळी उठून फुलं काढायची आणि मित्रांना पाठवून द्यायची. मला या हकिगतीत फुलांहून पाठवण्याचं अप्रूप वाटतं. मित्राच्या फोनवर पोचलेलं फूल ही नक्कल नव्हती. काढणाऱ्याच्या फोनवर होतं तेच, जसंच्या तसं, पाहणाऱ्याच्याही फोनवर. मूळ कुठलं आणि प्रत कुठली, हा प्रश्नच निकालात निघाला. आणि मधे कुणी नव्हतं. ना गॅलरी, ना छापखाना, ना टपाल.

मधे कुणी नसण्याचे ते दिवस फार टिकले नाहीत, आणि माझी तक्रार तिथून सुरू होते. डिजिटलने कलेचं भलं केलं की वाटोळं, हा वाद आपण कुंचल्याभोवती घालत बसतो. पडद्यावरचं चित्र खरं की खोटं, सूर यंत्राने लावलेलं गाणं गाणं की नाही, वगैरे. दरम्यान कुंचला स्वस्त झाला, आपल्या मालकीचा झाला, आणि चित्र टांगायची भिंत, म्हणजे ते लोकांना दाखवायची साइट किंवा ॲप, मात्र भाड्याची झाली. घरमालक कोण, भाडं काय, घर खाली करायची नोटीस किती दिवसांची, यातलं काहीही न विचारता आपण बिऱ्हाड हलवलं.

दुसरं काही शक्यच नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. संगीतवाल्यांनी एकदा वेगळं करून दाखवलं आहे. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात दोन सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर घडवणारी वाद्यं, एका केबलने जोडले गेले. एक सीक्वेन्शियल सर्किट्स या अमेरिकी कंपनीचा, दुसरा जपानच्या रोलँडचा. एकाची पट्टी दाबली की दुसरा वाजत होता. धंद्यात एकमेकांचे प्रतिस्पर्धी, पण सीक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने या व्यवसायातल्या मंडळींनी वाद्यांची एक समाईक भाषा ठरवली: मिडी. आणि ती कुणालाही वापरायला मोकळी ठेवली, परवाना-शुल्क न लावता. पुढच्या चाळीस वर्षांत खोलीत बसून एकट्याने अख्खा वाद्यवृंद उभा करणाऱ्यांची जी पिढी आली ती या मोकळ्या केबलवर वाढली. दुसरी आवृत्ती निघायला २०२० साल उजाडलं. मधल्या काळात वाद्यं बदलली, कंपन्या बुडाल्या, विकल्या गेल्या. १९८३ च्या त्या दोन पेट्यांची भाषा आजच्या लॅपटॉपला अजून कळते.

बनवण्याच्या बाजूला असं झालं. वाटण्याच्या बाजूला काय झालं पाहा.

एमपी३ हे नाव १९९५ मध्ये पक्कं झालं. कानाला ज्याचा फरक कळत नाही तेवढा आवाज गाळून टाकायचा आणि गाणं सीडीवरच्या आकाराच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास आणायचं, अशी ती युक्ती. १९९९ मध्ये लोकांना एकमेकांकडून गाण्यांच्या फाइली फुकट उतरवून घेऊ देणारं नॅप्स्टर आलं, २००१ मध्ये कोर्टकचेरीने बंद पडलं. त्या दोन वर्षांतली लूट मला मान्य नाही. गाणाऱ्याला एक पै न देता गाणं घ्यायचं याला वाटून घेणं म्हणत नाहीत. पण त्या भीतीतून जी व्यवस्था उभी राहिली तिच्यात ऐकणाऱ्याकडे गाणं राहिलं नाही आणि गाणाऱ्याकडे ऐकणारा राहिला नाही. दोघेही मधल्याचे भाडेकरू.

स्पॉटिफायवर गाणं किमान ३० सेकंद वाजलं तरच ते ऐकलं गेलं असं धरतात. २०२४ पासून आणखी एक नियम आला: मागच्या बारा महिन्यांत १,००० वेळा ऐकलं न गेलेलं गाणं रॉयल्टीच्या वाटपात धरलंच जात नाही. आता ज्याला गाण्यावर घर चालवायचंय तो नमनाला घडाभर तेल कशाला घालील? सुरुवातीची सावकाश वाढणारी सुरावट कापायची, पहिल्या काही सेकंदांत धृपद आणून आदळायचं. कुणी तसं करा म्हणून सांगत नाही. हिशेबच तसा मांडला की सांगावं लागत नाही.

यावरचा आक्षेप मला माहीत आहे, आणि तो दमदार आहे. साधनाने कलेचा आकार ठरवणं यात नवीन काय? मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या ग्रामोफोन तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावत, आणि जगभरच्या गायकांनी आपलं गाणं तेवढ्यात बसवलं. त्यातून काही अप्रतिम रेकॉर्ड झाल्या. बंधन आलं म्हणून रडू नये, बंधनातूनच घाट येतो. सगळं मान्य. फरक एवढाच की तबकडीची मर्यादा उघड होती. जिची तबकडी बनते ती लाख आणि तिच्यावरची खाच यांच्यापलीकडे त्या मर्यादेत कुणाची इच्छा नव्हती, आणि ती सगळ्यांना सारखी होती. आजची मर्यादा हा एका कंपनीचा निर्णय असतो. तो एखाद्या मंगळवारी बदलतो, आणि का बदलला हे बाहेरच्याला कळत नाही.

चित्रांच्या बाजूला तर हे डोळ्यांनी दिसतं. इन्स्टाग्राम २०१० मध्ये सुरू झालं ते फक्त चौकोनी फोटोंचं. चित्रकारांनी चौकोनात विचार करायला शिकून घेतलं. ऑगस्ट २०१५ मध्ये उभी-आडवी चित्रं चालू लागली. २०१६ मध्ये चित्रं ज्या क्रमाने टाकली त्या क्रमाने दिसणं बंद होऊ लागलं. कुणाला काय दाखवायचं ते गणित ठरवू लागलं. मग व्हिडिओंचा जमाना आला आणि चित्रकारांनी चित्रापेक्षा चित्र काढतानाचा हात दाखवायला घेतला. जानेवारी २०२५ मध्ये प्रोफाइलवरचे चौकोन उभे आयत झाले. नऊ चौकोन जुळवून एक मोठं चित्र मांडणारे कितीतरी लोक होते. त्यांच्या भिंतीवरची जुळणी एका सकाळी विस्कटली. कुणाचं कपाळ गेलं, कुणाचे कान. फार मोठं नुकसान नाही, खरंय. पण भिंत कुणाची हे कळायला तेवढं पुरे.

भाड्याच्या भिंतीचं दुसरं दुखणं म्हणजे ती कधीही पाडली जाते. मायस्पेस या एकेकाळच्या लोकप्रिय साइटवर सुरुवातीच्या डझनभर वर्षांत लोकांनी चढवलेलं संगीत सर्व्हर हलवताना नष्ट झालं, हे २०१९ मध्ये उघड झालं. पाच कोटींहून अधिक गाण्यांचा आकडा बातम्यांत आला. त्यातली कित्येक हौशी पोरांनी घरच्या खोलीत रेकॉर्ड केलेली, दुसरी प्रत कुठेही नसलेली. याच्या उलट अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉल यांची गोष्ट. १९८५ मध्ये त्यांनी अमिगा कॉम्प्युटरवर काही चित्रं काढली होती. ती फ्लॉपींवर तशीच पडून राहिली. २०१४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या कॉम्प्युटर क्लबमधल्या मंडळींनी त्या फ्लॉपी वाचल्या, अनोळखी फाइलींची बांधणी उलगडली, आणि आतून तीन डोळ्यांची व्हीनस बाहेर आली. एक डोळा उचलून कपाळावर चिकटवलेला! नवं खेळणं हातात पडलेल्या माणसाचा खोडसाळपणा जवळजवळ तीस वर्षांनी दिसला, कारण फ्लॉपी संग्रहालयाच्या कपाटात होती. चुंबकीय चकती टिकाऊ म्हणून नव्हे, कपाट स्वतःचं म्हणून.

माझी स्वतःची वस्तू अशीच एकदा गेली. चित्रकारांची एक छोटी साइट होती, नाव सांगण्यात अर्थ नाही. सहा वर्षं मी तिथे चित्रं टाकत होते. साइट बंद होत असल्याचं पत्र माझ्या मेलच्या जाहिरातींच्या कप्प्यात जाऊन पडलं आणि मला दिसलं तोवर मुदत उलटून गेली होती. चित्रं बहुतेक माझ्याकडे होती. पण तिथे एक गृहस्थ, किंवा बाई, मला शेवटपर्यंत कळलं नाही, माझ्या प्रत्येक चित्राखाली दोन-तीन ओळी लिहायचे. कौतुक क्वचित. ‘अंगठा पुन्हा बघा, तो तळहातातून उगवलेला नाही, चिकटवल्यासारखा दिसतो.’ ‘सावलीत काळा मिसळता, म्हणून ती मेलेली वाटते.’ हात काढायला मी त्यांच्याकडून शिकले असं म्हणायला हरकत नाही. त्यांचं टोपणनाव मला आठवतं. बाकी काही नाही. पत्ता त्या साइटला माहीत होता.

भिंतीच्या मालकाला आणखी एक वापर सापडला आहे, त्याबद्दल मी थोडक्यात लिहिणार आहे, कारण त्यावर रोजच ओरड चालू असते. चित्रं बनवणारी एआय यंत्रं शिकवताना वापरलेल्या लायन-५बी या उघड संग्रहात ५.८५ अब्ज चित्रांचे दुवे, त्यांच्या वर्णनांसह होते. ती लोकांनी एकमेकांना दाखवण्यासाठी इंटरनेटच्या जाळ्यावर ठेवली होती. शिकणारा माणूसही दुसऱ्यांची चित्रं गिरवूनच शिकतो, हा युक्तिवाद मी फेटाळत नाही. मीही गिरवलं आहे. पण गिरवणाऱ्या पोराला वर्षं लागतात, तो दिवसाला लाखभर चित्रं विकायला बसत नाही, आणि बहुतेक वेळा तो आपण कुणाचं गिरवलं हे अभिमानाने सांगत फिरतो. युरोपीय संघाच्या २०१९ च्या कॉपीराइट निर्देशाने या बाबतीत निर्मात्याला नकाराचा हक्क दिला. मात्र तो नकार त्याने आधी, यंत्राला वाचता येईल अशा रीतीने नोंदवून ठेवायचा. म्हणजे दार उघडं दिसलं की आत या, नको असेल तर पाटी आम्हाला वाचता येईल अशी लावा. माझ्या मते दार आधी ठोठवायला हवं, आणि ते काम आत येणाऱ्याचं आहे.

तर मग करायचं काय? जाळं सोडून कागदाकडे परत जा, असं सांगणाऱ्यांतली मी नाही. माझं पहिलं पैशाचं काम मला याच भाड्याच्या भिंतीमुळे मिळालं. एका संपादकांनी रात्री अकरा वाजता कुठेतरी माझं चित्र पाहिलं म्हणून. त्याआधीच्या व्यवस्थेत गॅलरीवाले आणि ओळखीपाळखी यांच्या दारातून आत जायला लागायचं, आणि ते दार माझ्यासारखीला उघडलं असतं असं वाटत नाही. जुने दिवस सोन्याचे होते हे मला कुणी ऐकवू नये.

पण भिंती सार्वजनिक असू शकतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये हक्कमुक्त कलाकृतींची ३,७५,००० चित्रं कुणालाही, कुठल्याही कामासाठी वापरायला खुली केली. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०२२ मध्ये डच चित्रकार रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ या चित्राचा ७१७ अब्ज पिक्सेलचा फोटो जाळ्यावर ठेवला. ८,४३९ वेगवेगळे फोटो जोडून केलेला. एका पिक्सेलपासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर एका मिलिमीटरचा दोनशेवा भाग. मी एक अख्खी दुपार त्यात घालवली. डोळ्याच्या बाहुलीतला उजेड म्हणून जो लांबून दिसतो तो जवळ गेल्यावर चार-दोन ठिपके निघतात, आणि मग तडे, रंगाच्या कडा. संग्रहालयात दोरीपलीकडे उभं राहून हे कुणालाही दिसलं नसतं. डिजिटलने दिलेल्या गोष्टींत ही मला सर्वांत मोठी वाटते, आणि तिच्यात कुणी मला किती सेकंद थांबले हे मोजून पुढचं काय दाखवायचं ते ठरवत नव्हतं.

वाटण्याच्या बाजूलाही एक मिडीसारखी केबल शिल्लक आहे, फक्त आपण तिच्याकडे लक्ष देत नाही. पॉडकास्टवाले शेवटी म्हणतात ना, ‘तुम्ही जिथे ऐकता तिथे आम्हाला ऐका’? ते जमतं कारण पॉडकास्ट आरएसएस नावाच्या साध्या, कुणाच्याही मालकीच्या नसलेल्या पद्धतीवर चालतात. कार्यक्रमाच्या भागांची यादी तो कार्यक्रम करणाऱ्याच्याच पत्त्यावर असते, कुठलंही ॲप ती उचलू शकतं. ॲप आवडलं नाही तर ऐकणारा दुसरं घेतो, कार्यक्रम त्याच्याबरोबर जातो. चित्रांसाठी, गाण्यांसाठी असं का म्हणता येऊ नये? वेगवेगळ्या ठिकाणच्या लोकांना एकमेकांचं पाहता यावं म्हणून ॲक्टिव्हिटीपब नावाची उघड पद्धत २०१८ मध्ये प्रमाण म्हणून मान्यही झाली आहे. फोनची कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवता येतो, कारण तसा कायदा केला गेला. कंपन्यांनी आपखुशीने दिलेली ती भेट नव्हती. माझा वाचक, माझा प्रेक्षक, माझा श्रोता मला बरोबर नेता यावा, हा हक्क मागणं त्याहून अवघड नाही. मोजण्याचा नियम बदलायचा तर तो आधी जाहीर करा, हेही.

मोकळ्या रस्त्यावर कचरा येतो, तो उचलायला माणसं लागतात, त्यांना पगार लागतो, आणि पैसा आला की पुन्हा कुणीतरी नाका बांधून बसतो. पॉडकास्टच्या वाटेवरही काही कंपन्यांनी आपापली कुंपणं घालायला सुरुवात केलीच होती. त्यामुळे नुसती पद्धत मोकळी असून भागत नाही, ती मोकळी राहील हे पाहावं लागतं.

माझ्याकडे चित्रं दाखवायला एक मुलगी येते. हात चांगला आहे, डोळा त्याहून चांगला. तिच्या पानावर माझ्या पानाच्या चौपट लोक आहेत. गेल्या आठवड्यात मी तिला म्हटलं, चित्रं टाकत राहा, पण मूळ मोठ्या फाइली स्वतःकडे दोन ठिकाणी ठेव, आणि जे तुला आवर्जून लिहितात त्यांचे मेलचे पत्ते मागून घे, एका वहीत उतरवून ठेव.

ती टॅबलेटवरून मान वर न करता म्हणाली, “पत्ते कशाला, ताई? सगळे तिथेच तर आहेत.”